तीन पांढरे खडे

तुरटी मी आयुष्यात एकदाच खाल्ली, तीही खडीसाखर समजून. पाच-सहा वर्षांचा असेन. आजीच्या स्वयंपाकघरात फळीवर चिनीमातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. एकीत खडे मीठ, दुसरीत नैवेद्याची खडीसाखर, तिसरीत माठात फिरवायची तुरटी. तिन्ही पांढरे, तिन्ही अर्धवट पारदर्शक, उजेडात धरले तर तिन्ही कडेला चमकणारे. खडा तोंडात टाकला. आधी किंचित गोडसर लागलं आणि मग जीभ, गाल, टाळू सगळं एकदम आवळून आलं. मी थू थू करत अंगणात पळालो आणि मागून आजी म्हणाली, "अरे, बघून तरी घ्यावं!" बघूनच तर घेतलं होतं.

रसग्रहण हा शब्द आपण कवितेसाठी राखून ठेवला आहे. इथे तो अगदी शब्दशः घ्यायचा विचार आहे. लवण, मधुर आणि कषाय हे षड्रसांतले तीन रस त्या फळीवर शेजारी शेजारी बसले होते. आतल्या अणूंनी एकमेकांना कसं धरून ठेवलं आहे, एवढ्याच गोष्टीने त्यांचे स्वभाव वेगळे केले होते.

शाळेत या धरण्याचा तक्ता करून दिला होता. डावीकडे आयनिक संयुगं: वितळणबिंदू जास्त, पाण्यात विरघळतात, द्रावणातून वीज वाहते. उजवीकडे सहसंयुज: वितळणबिंदू कमी, वीज वाहत नाही. पाठ केला, गुण मिळाले. तक्ता खोटा नाही, पण अरसिक आहे. नदीची वाळू घ्या. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध मुख्यतः सहसंयुज, तरी वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, मिठाच्या दुपटीहून जास्त. साखरेतले बंधही सहसंयुजच, पण ती पळीत धरली तरी पाघळते. खडा तापवताना, फोडताना, विरघळवताना नेमका कोणता बंध सुटला, हे तो तक्ता विचारतच नाही. मला विचाराल तर पदार्थाचा स्वभाव वाचायची किल्ली तिथे आहे. आत सर्वांत पक्कं काय आहे यापेक्षा सर्वांत आधी काय सुटतं, ते बघावं.

सुरुवात मिठापासून करतो, कारण त्याच्यात लपवाछपवी नाही. सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, दोघांचं जमलं, अशी गोष्ट आपल्याला सांगतात. त्यातलं देणंघेणं खरं, पण 'दोघांचं जमलं' हे खरं नाही. खड्यात अशी जोडी कुठेच नसते. प्रत्येक सोडियमभोवती पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली मिळून सहा क्लोराइड, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडियम. यातला कुणाचा कोण, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे खड्याच्या एका मिलिमीटर कडेवर साधारण पस्तीस लाखांची रांग.

ही मांडणी लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने वाचली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याला वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. तरी सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या जुन्याजाणत्या रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये, वयाची ऐंशी गाठत आलेली असताना, 'नेचर'ला एक संतप्त पत्र धाडलं. शीर्षक 'बिचारं साधं मीठ!' अशा अर्थाचं. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी सांगायची आणि मिठात मिठाचा रेणूच नाही म्हणायचं, हे त्याला अजिबात सहन झालं नाही. तो चुकला होता, पण मला त्याचा राग समजतो. जन्मभर ज्याने रेणूंचा हिशेब ठेवला, त्याच्या ताटातल्या मिठातून कुणीतरी रेणूच काढून नेला होता.

आता या पटाचं बळ बघा. विरुद्ध प्रभाराचे शेजारी ओढतात, त्यांच्या पलीकडचे सारख्या प्रभाराचे ढकलतात, त्यापलीकडचे पुन्हा ओढतात. अशी खड्याच्या टोकापर्यंतची सगळी बेरीज-वजाबाकी केली, तर तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीतल्या ओढीच्या जवळजवळ पावणेदोन पट ओढ शिल्लक राहते. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. आधी सुटावा असा दुबळा बंधच त्यात नाही. सगळे सारखे. सुटले तर सगळे, नाहीतर कुणीच नाही.

आजी दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या निखाऱ्यांवर टाकायची आणि मीठ तडतडलं की "बघ, केवढी लागली होती" म्हणायची. तडतडतं ते त्यात कोंडलेलं पाणी. मिठागरात पाण्याच्या पृष्ठभागावर धरणारा खडा जवळून पाहा. कडा भराभर वाढतात, मध्य मागे राहतो, आणि चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली एखादी बारवच उभी राहते. पुढे या पायऱ्या भरून येताना थोडं खारं पाणी आत अडकतं. निखाऱ्यावर त्याची वाफ होते आणि खडा फुटतो. एवढं तडतडूनही मीठ स्वतः न वितळता तसंच मागे उरतं, हे मला त्यातलं जास्त आवडतं.

निखाऱ्याला दाद न देणारं हे मीठ पाण्यात मात्र मिनिटभरात नाहीसं होतं. पाण्याचा रेणू दोन टोकांचा: ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. ऑक्सिजन सोडियमकडे तोंड करून उभा राहतो, हायड्रोजन क्लोराइडकडे, आणि मधे शिरलेल्या पाण्यामुळे त्या दोघांतली ओढ ऐंशीव्या हिश्श्यावर येते. जुना बंध सोडताना जेवढं घालवलं, जवळजवळ तेवढंच पाण्याच्या वेढ्यात परत मिळतं. तेलाकडे अशी टोकं नाहीत. फोडणीत टाकलेलं मीठ तळाशी वाळूसारखं खरखरत बसतं. हळद-हिंग तेलात आणि मीठ पाणी घातल्यावर, हा आपल्या स्वयंपाकातला क्रम बंधांच्या हिशेबानेही बरोबर आहे.

देणं आणि घेणं असं जवळजवळ फिटत असल्यामुळे एक मजेशीर गोष्ट होते. तापवल्याने मिठाची विद्राव्यता फारशी बदलतच नाही. शंभर ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९. गरम पाण्यात मीठ मुरवून ते थंड करून परत मिळवायचं म्हटलं, तर हाती तीन ग्रॅम येतील. म्हणून मिठागर लागतं. कोकणातल्या नि गोव्यातल्या आगरांत उन्हाने पाणीच उडवून लावायचं, दुसरा मार्ग नाही. उलट खडीसाखर थंड करून होते. शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यात पावणेपाचशे ग्रॅमच्या वर साखर मावते, तेच पाणी निवलं की दोनशेच्या आसपास. उरलेली साखर पाकात सोडलेल्या दोऱ्याला सावकाश चिकटत जाते. खडीसाखर फोडताना मधे सापडतो तो हाच दोरा.

खडे फोडण्यावरून आठवलं. शेंदेलोणाचा मोठा खडा घेऊन त्यावर सुरीची धार धरा आणि हलकेच ठोका. खडा सपाट पृष्ठ ठेवून काटकोनात दुभंगतो. घावाने एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं. आत्तापर्यंत ओढणारे तेच शेजारी ढकलायला लागतात आणि खडा स्वतःच स्वतःला तोडतो. तोच घाव खाणारा पितळी बत्ता मात्र जसाच्या तसा राहतो. धातूत सुटे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंमध्ये मिळून वावरत असतात. थर सरकला तरी ते तिथेच असतात, त्यामुळे समोरासमोर वैरी येण्याचा प्रसंगच येत नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट मठारकाम करतात, तांब्यावर हातोडीचे हजारो ठोके एकाशेजारी एक उमटवतात, आणि भांडं फुटायच्या ऐवजी आणखी कणखर होतं. मिठावर असं नक्षीकाम करायला कुणी बसणार नाही.

साखरेचं प्रकरण वेगळं. आधी नावाची गंमत. शर्करा म्हणजे मूळ संस्कृतात खडी, बारीक खडे. आणि खडी म्हणजे खडीच. तेव्हा खडीसाखर म्हणजे खडीखडी. देवापुढे आपण काय ठेवतो हे भाषेनेच दोनदा सांगून ठेवलं आहे.

साखरेत खराखुरा रेणू आहे, आर्मस्ट्राँगला आवडेल असा. बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन. दोन कडी, ग्लुकोजचं एक आणि फ्रुक्टोजचं एक, मधे ऑक्सिजनचा पूल. या पंचेचाळीस अणूंना एकत्र धरतात त्या सामाईक इलेक्ट्रॉनांच्या जोड्या. गिल्बर्ट लुइस याने ही कल्पना १९१६ मध्ये मांडली. हा रेणूच्या आतला बंध पक्का. पण रेणू आणि शेजारचा रेणू यांच्यात काय? प्रत्येक रेणूच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या बाहेर आलेल्या असतात, आणि एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे झुकतो. हा हायड्रोजन बंध, आतल्या बंधापेक्षा दहा-वीस पटींनी दुबळा. हे हायड्रोजन खड्यात नेमके कुठे आहेत हे बारकाईने ठरवायला १९६३ साल उजाडावं लागलं, आणि क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरावे लागले.

म्हणजे साखर दुमजली आहे. हे एकदा कळलं की तिची सगळी वागणूक उलगडते. पाण्यात घातली तर वरवरचे हायड्रोजन बंध सुटतात, रेणू अख्खाच्या अख्खा बाहेर येतो आणि पाण्याशी तसेच बंध जोडतो. प्रभार घेऊन हिंडणारं कुणी नसल्यामुळे साखरपाण्यातून वीज जात नाही. पाक आटवत नेला, तर आठ-आठ हातांचे हे रेणू एकमेकांत आणि पाण्यात इतके गुंततात की बोटांच्या चिमटीत तार निघते. एकतारी, दोनतारी. मिठाचं पाणी कितीही उकळा, तार कधी निघणार नाही. पाणी दाट व्हायच्या आधीच मीठ तळाशी बसायला लागेल. पाक परत खडा धरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लिंबाचं आम्ल थेट आतल्या मजल्यावर जातं आणि काही रेणूंमधला तो ऑक्सिजनचा पूल तोडतं. सुटी झालेली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साखरेच्या शिस्तशीर रांगेत बसत नाहीत, इतरांनाही बसू देत नाहीत. मला ही दोन थेंबांची करामत फार आवडते. पाकाला हातही न लावता आईने आतला नेमका एक बंध कापलेला असतो.

कोरडी साखर तापवली तर १८६ अंशांच्या आसपास दोन्ही मजले जवळजवळ एकदमच ढासळतात. वितळली म्हणेपर्यंत ती पिवळी होते, मग तांबूस, मग तो कॅरमलचा कडवट-गोड वास. पाक निवला तर साखर परत मिळते, कॅरमलमधून मिळत नाही. वरचा बंध सुटला की परतीची वाट असते. आतला तुटला की नवा पदार्थ. तक्त्याने हा भेद सांगितला असता तर मी त्याला अरसिक म्हटलं नसतं.

आणखी एक गोष्ट, रात्री करण्यासारखी. दिवे मालवून, डोळे पाच-दहा मिनिटं अंधाराला सरावू द्या आणि अडकित्त्यात खडीसाखरेचा कोरडा खडा फोडा. निळसर ठिणगी क्षणभर चमकते. फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच याची नोंद केली होती. साखरेच्या खड्याची मांडणी दोन्ही दिशांनी सारखी नसते. तो फुटतो तेव्हा एका बाजूवर धन आणि दुसऱ्या बाजूवर ऋण प्रभार साठतो, फटीतून विजेची उडी पडते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. एवढीशी वीज, तीही नैवेद्याच्या वाटीत.

तुरटीला मी शेवटी ठेवलं, ते जुन्या रागापोटी नाही. या तिघांत सर्वांत श्रीमंत खडा तोच आहे, असं माझं मत आहे. संस्कृतात तिचं नावच स्फटिका. सावकाश वाढू दिली तर दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत असा आठ बाजूंचा देखणा स्फटिक होतो. आत काय नाही? पोटॅशियमचा आयन आहे, ॲल्युमिनियमचा तिहेरी धन प्रभाराचा आयन आहे, सल्फेटचे दोन आहेत; म्हणजे मिठासारखा आयनिक बंध आला. सल्फेटच्या पोटात गंधक आणि ऑक्सिजन यांचा सहसंयुज बंध. शिवाय पाण्याचे बारा रेणू. त्यातले सहा ॲल्युमिनियमने आपल्याभोवती घट्ट ओढून घेतलेले, सहा पोटॅशियमच्या अवतीभवती सैलसर. आणि या पाण्यापासून सल्फेटपर्यंत सगळीकडे पसरलेले हायड्रोजन बंध. हाताला दगडासारख्या लागणाऱ्या शंभर ग्रॅम तुरटीत सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅम निव्वळ पाणी असतं.

त्या छोट्या, तीन प्रभारांच्या ॲल्युमिनियमकडे नीट लक्ष द्या, सगळी सूत्रं त्याच्या हातात आहेत. तो पाण्याच्या ऑक्सिजनला एवढा ओढतो की त्याच पाण्यातला हायड्रोजन सैल होऊन सुटतो. म्हणून तुरटीचं पाणी आंबट. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मातीचे बारीक कण ऋण प्रभाराचे असतात. एकमेकांना दूर ढकलत ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. एका प्रभाराच्या सोडियमपेक्षा तीन प्रभारांचा ॲल्युमिनियम हे भांडण शेकडो पटींनी कमी मात्रेत मिटवतो. शिवाय त्याचा हायड्रॉक्साइड कापसाच्या पुंजक्यासारखा धरतो आणि खाली जाताना गाळ सोबत घेऊन जातो. आजी माठात तुरटी चार वेढे फिरवायची, जास्त नाही. सकाळी तळाचा गाळ हलू न देता वरचं पाणी ओतून घ्यायचं.

आता माझ्या तोंडात काय झालं ते सांगता येईल. मीठ लाळेत सुटतं, सोडियमचे आयन जिभेवरच्या पेशींच्या वाटांनी आत शिरतात, ती खारट चव. साखरेचा रेणू अख्खा येऊन जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या ग्राहकावर हायड्रोजन बंधांनी टेकतो आणि उठून जातो. गोडवा रेंगाळत नाही तो म्हणून. ॲल्युमिनियम मात्र लाळेतल्या प्रथिनांच्या ऑक्सिजनांना धरून बसतो. प्रथिनं गोळा होतात, तोंडातला ओशटपणा जातो, आणि गाल गालाला घासतो. दाढीत कापलं तर न्हावी तिथे तुरटी फिरवतो, तेव्हा जखमेवर घडतं ते याच जातीचं. कषाय हा रस आपल्या पूर्वजांनी सहांत मोजला खरा, पण तो चवीपेक्षा स्पर्शाच्या जास्त जवळचा आहे. मी त्या दिवशी तुरटी चाखली नव्हती. तुरटीने मला धरलं होतं. सर्वांत आधी काय सुटतं हे मी सगळीकडे विचारत आलो. इथे उलटं झालं, काही केल्या सुटेना. अंगणात तीन गुळण्या करूनही.

तुरटी तापवली की मात्र तिच्यातले बंध एकेक करून सुटताना दिसतात. ९२ अंशांच्या पुढे, म्हणजे पाणी उकळण्याच्याही आधी, तुरटी तव्यावर स्वतःच्याच पाण्यात पाघळते. मग बुडबुडे येतात. सैल पाणी आधी जातं, घट्ट धरलेलं मागाहून. पातळ रस फुगत फुगत पांढरा, ठिसूळ, हलका होत जातो. हीच तुरटीची लाही. आजी ती दंतमंजनात घालायची. लाहीत सल्फेट शाबूत आहे, पोटॅशियम-ॲल्युमिनियम शाबूत आहे. गेलं ते पाणी, आणि त्याबरोबर तो पारदर्शक, आठ बाजूंचा देखणेपणा. या खड्याचं रूप पाण्याने सांभाळलं होतं.

करून बघायची असेल तर लोखंडी तवा घ्या, आच मंद ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या. पाणी संपून लाही कोरडी झाली की लगेच उतरवा, फार तापवत ठेवू नका. आणि वर झाकण ठेवू नका. जवळजवळ निम्म्या वजनाला बाहेर पडायचं असतं.